जुन्या हायब्रिड मोटारीचे दुखणे ओळखावे कसे?

मोटार सुरू होईना म्हटले की आपला पहिला संशय बॅटरीवर जातो, आणि साध्या मोटारीच्या बाबतीत तो बहुधा खराही ठरतो. परंतु गेल्या दहा-पंधरा वर्षांत पेट्रोल वा डिझेल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर बसवलेल्या, म्हणजे ज्यांना सर्वत्र ‘हायब्रिड’ म्हणतात अशा ज्या गाड्या रस्त्यावर आल्या, त्यांच्या बाबतीत ‘बॅटरी गेली’ एवढ्याने काहीच सांगितल्यासारखे होत नाही. कोणती बॅटरी गेली? ती स्वतः गेली, की तिला भरणारे यंत्र थकले? की दोन्ही धडधाकट असून मधली एखादी तारच दगा देत आहे? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळण्यापूर्वीच जो पाकीट उघडतो, त्याला पुष्कळदा ते दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदाही उघडावे लागते.

बऱ्हाणपूरच्या लालबागेत, म्हणजे रेल्वेस्टेशन आणि ताप्ती मिल यांच्या आसपास वाढलेल्या आमच्या वस्तीत, अशा गाड्या कोठून आल्या असे वाचकांस वाटेल. बहुतेक गाड्या येथे नव्या आलेल्या नाहीत. दिल्ली परिसरात दहा वर्षे पूर्ण झालेल्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या कितीतरी गाड्या वय होत आले की मध्य भारतातील गावांत येऊन विसावतात. येथे त्यांना मागणीही असते, कारण सिग्नल कमी आणि अंतरे लांब. मुले पुण्यास वा इंदुरास, घरी दोन वृद्ध माणसे, आणि उपचारासाठी किंवा लग्नकार्यासाठी महिन्यातून दोन-चारदा जळगाव-भुसावळची फेरी, असे ज्यांचे आयुष्य आहे त्यांना मायलेज देणारी, बऱ्यापैकी मोठी आणि खिशाला झेपणारी गाडी हवी असते. अशा कुटुंबाची गाडी रात्री रावेर-सावद्याच्या मध्ये उभी राहिली, तर तो केवळ यंत्राचा प्रश्न राहत नाही.

या गाड्यांचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण निदानाचे पहिले पाऊल म्हणजे आपली गाडी कोणत्या घराण्याची हे ओळखणे होय. इंजिन आणि वीज यांचा संसार एकत्र मांडण्याची कल्पना फर्डिनांड पोर्शे यांनी १९०० सालीच साकार केली होती. तथापि कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडलेली पहिली हायब्रिड मोटार म्हणजे जपानात १९९७ च्या डिसेंबरात आलेली टोयोटाची प्रियस. भारतात २००८ साली होंडाने सिव्हिक हायब्रिड विकायला काढली, २०१० साली प्रियस आली, २०१३ साली कॅमरी हायब्रिड बिडदीच्या कारखान्यात जुळवली जाऊ लागली. या तिन्ही श्रीमंतांच्या गाड्या. मध्यमवर्गापर्यंत हा शब्द पोहोचला तो २०१५ साली, जेव्हा मारुतीने सियाझ आणि अर्टिगा या गाड्यांच्या डिझेल आवृत्त्यांना ‘स्मार्ट हायब्रिड’ म्हणजे एसएचव्हीएस ही जोड दिली. त्याच वर्षी केंद्र सरकारची ‘फेम’ योजना सुरू झाली होती आणि या गाड्यांनाही तिचे अनुदान मिळत असे; १ एप्रिल २०१७ पासून सौम्य हायब्रिड गाड्यांना या योजनेतून वगळण्यात आले. आपल्या गावांत आज ज्या जुन्या हायब्रिड दिसतात त्यांपैकी बहुतेक याच पिढीच्या.

येथेच पहिला घोटाळा होतो. प्रियस किंवा कॅमरी ही ‘पूर्ण’ हायब्रिड. तिच्यात दोनशे व्होल्टच्या वरची एक मोठी बॅटरी असते, तिच्यावर गाडी काही अंतर इंजिनाशिवाय चालते, आणि शिवाय नेहमीची बारा व्होल्टची एक लहान बॅटरी वेगळी असते. याउलट २०१५ ची सियाझ ही ‘सौम्य’ हायब्रिड. तिच्यात उच्च व्होल्टचे काहीही नाही. नेहमीच्या अल्टरनेटरच्या जागी पट्ट्यावर चालणारे एक जुळे यंत्र असते. तेच इंजिन सुरू करते, तेच वेग घेताना इंजिनास किंचित हात देते आणि तेच ब्रेक लावताना वीज तयार करून शिसे-आम्लाच्या मोठ्या बॅटरीत साठवते. २०१८ साली आलेल्या पेट्रोल आवृत्तीत बारा व्होल्टचीच एक लहान लिथियम बॅटरी जादा देण्यात आली. तेव्हा ‘हायब्रिडची बॅटरी लाखाची असते’ हे वाक्य सियाझवाल्याने ऐकले तर घाबरण्याचे कारण नाही, आणि ‘बॅटरीच तर आहे, टाकू दुसरी’ हे वाक्य कॅमरीवाल्याने ऐकले तर त्याने अवश्य थांबावे.

सौम्य हायब्रिडच्या दुखण्याची एक हकीकत सांगतो. ती आमच्या शेजारची आहे. नाना बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी २०२२ साली सहा वर्षे वापरलेली डिझेल स्मार्ट हायब्रिड घेतली. काकूंना दर पंधरा दिवसांनी जळगावच्या डॉक्टरांकडे न्यावे लागे, हा खरेदीमागचा मुख्य हेतू. २०२४ च्या उन्हाळ्यात गाडी चौकात थांबल्यावर इंजिन आपोआप बंद होईनासे झाले. कोणीच मनावर घेतले नाही. किंबहुना पंखा आणि एसी चालू राहतो म्हणून बरेच वाटले. पावसाळ्यात सकाळी इंजिन जड फिरू लागले. एका कारखान्यात बॅटरी बदलली. चार महिन्यांत पुन्हा तीच रड. दुसरी बॅटरी आली. डिसेंबरात, परतीच्या वाटेवर रावेरच्या अलीकडे केळीच्या ट्रकांच्या रांगेत गाडी बंद पडली आणि पुन्हा सुरू होईना. काकू मागच्या सीटवर, रात्रीचे दहा वाजलेले. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या टोकांना मीटर लावला, आकडा पाहिला आणि निकाल दिला : “बाबूजी, चार्जिंग ही नहीं बन रहा. पूरी मशीन बदलनी पड़ेगी.” खर्चाचा अंदाज ऐकून नाना गाडी विकायलाच निघाले होते.

आमच्या गल्लीत विद्युत् मंडळातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. अण्णांनी एवढेच म्हटले, “नाना, गाडी विकायची तर खुशाल विका. पण आधी दोन दिवस ती माझ्याकडे द्या. आणि तो अमुक व्होल्ट, तमुक व्होल्ट काय तो मला कागदावर लिहून हवा.”

अण्णांनी जे केले ते कोणालाही करता येण्यासारखे आहे, म्हणून विस्ताराने लिहितो. लागणारे साधन एकच, काही शे रुपयांचा डिजिटल मल्टीमीटर.

पहिली मोजणी गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर सकाळी, दार किंवा दिवा न लावता, थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर करायची. शिसे-आम्ल बॅटरीत सहा घर असतात आणि भरलेले प्रत्येक घर सुमारे २.१ व्होल्ट देते, म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. १२.४ म्हणजे सुमारे तीन-चतुर्थांश, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२.० म्हणजे जवळजवळ चतुर्थांश उरली. ही मोजणी गाडी नुकतीच चालवून आल्यावर केली तर व्यर्थ. तेव्हा पाट्यांच्या पृष्ठभागावर जमलेला तात्पुरता दाब आकडा फुगवून सांगतो. नानांच्या बॅटरीने १२.१ दाखवले. बॅटरी चार महिन्यांचीही नव्हती. आता प्रश्न असा की ती भरली जात नव्हती, की भरलेली रिती होत होती?

मिस्त्रीने इंजिन नुसते चालू ठेवून मोजले होते आणि त्याला १२.७ च्या आसपास आकडा मिळाला होता. जुन्या पद्धतीच्या गाडीत हा निकाल बरोबरच ठरला असता. तेथे अल्टरनेटर चालू असताना १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा यायलाच हवा. परंतु सौम्य हायब्रिडची सारी युक्ती अशी की इंजिनावर विनाकारण भार नको, म्हणून संगणक बॅटरी पुरेशी भरलेली आहे असे समजला की चार्जिंग जवळजवळ थांबवतो, आणि चालकाने ॲक्सिलरेटरवरून पाय काढला किंवा ब्रेक लावला की तेवढ्यापुरती ती जोराने सुरू करतो. उभ्या गाडीवर केलेली एकच मोजणी येथे फसवी ठरते. अण्णांनी मीटरच्या तारा आत ओढून घेतल्या, नानांना गाडी चालवायला लावली आणि स्वतः शेजारी बसून आकडे वाचत राहिले. स्टेशनपासून गावाच्या दिशेने उतारावर पाय काढला की १४ च्या वर, चढावर जोर दिला की पुन्हा १२.५. म्हणजे यंत्र ठणठणीत होते. ज्याच्यासाठी हजारो रुपये मागितले जात होते ते बदलण्याचे काहीच कारण नव्हते.

मग संगणकाला बॅटरी भरलेली आहे असे का वाटत होते? या गाड्यांत बॅटरीच्या ऋण टोकाजवळ प्रवाह मोजणारा एक लहानसा संवेदक असतो. जाडी तार त्यातून जाते. किती वीज आत गेली, किती बाहेर पडली याचा जमाखर्च संगणक त्याच्यावरून ठेवतो. बँकेतल्या माणसाला हे चटकन समजले. “म्हणजे पासबुक,” नाना म्हणाले. अण्णा म्हणाले, “पासबुकच. पण तुमच्या खात्यातून कोणी मागच्या दाराने पैसे काढत असेल, तर पासबुकात ते कसे दिसायचे?”

पूर्वीच्या मालकाने मागचा कॅमेरा आणि गाडी कोठे आहे हे सांगणारे एक यंत्र बसवून घेतले होते. बसवणाऱ्याने त्यांची ऋण तार संवेदकाच्या पलीकडे गाडीच्या सांगाड्याला न लावता सरळ बॅटरीच्या खुंटीवर आवळली होती. जाड्या तारेभोवती पकडीचा मीटर लावला तेव्हा बंद गाडीचा प्रवाह ०.०३ अँपियर दिसला, म्हणजे योग्यच, साधारणपणे ०.०५ पर्यंत चालतो. पण खुंटीवरच्या सर्व तारा एकत्र काढून मीटर मध्ये जोडला तेव्हा आकडा आला ०.१८. ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण हिशेब करावा. दिवसाचे चोवीस तास धरले तर ४.३ अँपियर-तास, आठवड्याचे तीस. साठ अँपियर-तासांची बॅटरी असेल तर आठवड्यात निम्मी रिती, आणि संगणकाच्या वहीत त्याची नोंदच नाही! तो आपला ‘शिल्लक पुरेशी आहे’ म्हणून चार्जिंग रोखून धरतो. शिवाय दोन्ही वेळा बसवलेली बॅटरी साध्या गाडीची होती. पुनःपुन्हा थांबणाऱ्या-सुरू होणाऱ्या गाडीसाठी ईएफबी नावाची वेगळ्या बनावटीची बॅटरी लागते. साधी बॅटरी अर्धवट भरलेल्या अवस्थेत राहिली की तिच्या पाट्यांवर गंधकाचा क्षार घट्ट बसतो आणि ती अकाली जाते. दोन्ही बॅटऱ्यांचा बळी असा गेला.

तार सांगाड्याला जोडली, तिला स्वतंत्र फ्यूज दिला, योग्य जातीची बॅटरी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरून मग बसवली. काही गाड्यांत नवी बॅटरी बसवल्याची नोंद संगणकात करावी लागते, तेही करून घेतले. आठवड्याने चौकात इंजिन पुन्हा आपोआप बंद होऊ लागले. मला वाटते, या गाड्यांच्या मालकांनी लक्षात ठेवावी अशी सर्वांत मोलाची खूण हीच. इंजिन आपोआप थांबण्याची सोय बंद पडणे हा पहिला इशारा असतो. इंजिन तापले नसेल, एसीवर फार ताण असेल तरीही ते थांबत नाही हे खरे. पण सर्व काही ठीक असून आठवडेच्या आठवडे थांबत नसेल, तर गाडी आपल्या परीने सांगत असते की मला बॅटरीचा भरवसा राहिला नाही.

प्रवाह मोजताना दोन पथ्ये पाळावीत. गाडी बंद केल्यावर तिचे संगणक झोपी जायला वीस मिनिटे ते पाऊण तास लागतो. त्यापूर्वीचा आकडा मोठाच येणार. आणि मीटर मध्ये जोडलेला असताना किल्ली फिरवू नये, नाही तर मीटरचा फ्यूज त्याच क्षणी उडतो. बॅटरीला झाकणे असतील तर हायड्रोमीटर हे जुने काचेचे साधन आजही मीटरइतकेच बोलके आहे. भरलेल्या घरात १.२६५ च्या आसपास घनता येते. एखाद्या घराचा आकडा इतरांपेक्षा ०.०५० ने खाली असेल तर ते घर गेले असे समजावे, चार्जरला बोल लावू नये. इंजिन फिरवताना व्होल्ट ९.६ च्या खाली उतरत असेल तर बॅटरीची ताकद संपली. आणि बॅटरी भरलेली, यंत्र ठीक, तरीही गाडी मरगळलेली असेल तर खुंटी आणि तिच्यावरची पकड यांच्यामध्ये, तसेच ऋण खुंटी आणि इंजिन यांच्यामध्ये, इंजिन फिरत असताना मीटर लावून पाहावा. तेथे अर्धा व्होल्ट जरी हरवत असेल तर पांढरा-हिरवा क्षार जमलेला सांधा घासून साफ करणे हाच उपाय, आणि त्याला पैसे पडत नाहीत. पट्टा सैल झाला असेल तर पावसाळ्यात तो किंचाळतो. हे निदान कानांनीच होते.

आता पूर्ण हायब्रिडकडे वळू. येथे गोष्ट निराळी, पण आरंभ मात्र पुन्हा त्याच लहान बॅटरीपासून करावा. प्रियस किंवा कॅमरीत बारा व्होल्टची बॅटरी इंजिन फिरवत नाही. ते काम मोठ्या बॅटरीचे. लहान बॅटरी फक्त संगणक जागे करते आणि मोठ्या बॅटरीला जोडणारी कळ दाबते. म्हणून ती मरायला टेकली तरी दिवे लागतात, भोंगा वाजतो, आणि तरीही गाडी ‘रेडी’ होत नाही. उलट पडद्यावर एकाच वेळी ब्रेक, स्टिअरिंग, हायब्रिड प्रणाली अशा सर्वांच्या तक्रारींची दिवाळी होते. घाबरलेला मालक मोठ्या बॅटरीचा खर्च विचारायला धावतो, आणि दोष असतो काही हजारांच्या लहान बॅटरीत. या गाड्यांत अल्टरनेटर नसतोच. मोठ्या बॅटरीचा दाब खाली उतरवून लहान बॅटरी भरणारे एक परिवर्तक यंत्र असते. गाडी ‘रेडी’ असताना लहान बॅटरीवर १४ च्या आसपास व्होल्ट दिसले तर ते यंत्र ठीक, १२.४ वरून हळूहळू उतरत असतील तर ते यंत्र किंवा त्याचा फ्यूज तपासावा. मात्र ही परीक्षा बंद गॅरेजमध्ये कदापि करू नये. ‘रेडी’ गाडी मुकी उभी असते आणि मध्येच तिचे इंजिन आपोआप सुरू होते. त्याचा धूर कोंडला तर जिवावर बेतते.

मोठ्या बॅटरीचे दुखणे समजावून घ्यायला लालबागकरांना लांब जावे लागत नाही. आमच्याजवळच कुंडी भंडारा आहे. १६१५ साली, अब्दुल रहीम खानखानांच्या काळात, तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराने सातपुड्यातून झिरपणारे पाणी भूमिगत बोगद्यांतून बऱ्हाणपुराकडे वळवले, आणि त्या वाटेवर शंभराहून अधिक कुंड्यांची माळ बांधली. २०२४ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत त्याची नोंद झाली. पंप नाही, चाक नाही. पाणी केवळ उताराने एका कुंडीतून दुसरीकडे जाते. माळेतली एक जागा चुन्याच्या थराने अरुंद झाली की पुढच्या सगळ्यांचे पाणी अडते, मग बाकीच्या कितीही स्वच्छ असोत. प्रियसची निकेल-धातू हायड्राइडची बॅटरी अशीच एक माळ आहे. १.२ व्होल्टच्या सहा घरांचा एक तुकडा आणि असे अठ्ठावीस तुकडे एकापुढे एक, मिळून १६८ घरे आणि २०१.६ व्होल्ट. कॅमरीत चौतीस तुकडे आणि २४४.८ व्होल्ट. यांपैकी एखाद्या तुकड्याचा अंतर्गत रोध वाढला, म्हणजे त्यात जणू चुना साचला, की पूर्ण माळेची क्षमता त्या एकाइतकीच उरते.

हे ओळखण्याच्या खुणा चालकाला आधी दिसतात. पडद्यावरचा बॅटरीचा स्तंभ उतारावर झपाट्याने भरतो आणि चढावर तितक्याच झपाट्याने ओसरतो. उभी गाडी वारंवार इंजिन सुरू करते. मागच्या सीटजवळचा पंखा पूर्वी ऐकू येत नसे, तो आता घोंघावतो. पुढे तांबडा त्रिकोण लागतो आणि तपासणीच्या यंत्रावर ‘पी०ए८०’ हा संकेत येतो. तपासनीस त्याचा अर्थ ‘बॅटरी बदला’ असा वाचून दाखवतात, कारण संकेताच्या नावातच तसे लिहिलेले आहे. वस्तुतः तो संगणकाचा तर्क असतो, अंतिम निवाडा नव्हे. प्रियसचा संगणक दोन-दोन तुकड्यांच्या चौदा जोड्यांचे व्होल्ट वेगवेगळे वाचतो. एखादी जोडी इतरांपेक्षा फार खाली उतरली की तो ओरडतो. ती खरोखर खंगली असेल, किंवा तुकडे जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या अथवा व्होल्ट वाचणाऱ्या बारीक तारा हिरव्या गंजाने खाल्ल्या असतील. दोन्हींत लक्षण एकच, खर्चात मात्र अस्मानजमिनीचे अंतर. म्हणून तपासनिसाकडून चौदाही जोड्यांचे आकडे मागावेत, गाडी उभी असतानाचे आणि चढावर जोर देतानाचे असे दोन्ही. उभ्या गाडीत सर्व जोड्या सारख्या आणि जोर देताच एकच जोडी कोसळत असेल, तर तुकडा किंवा त्याचा सांधा दोषी. सगळ्याच जोड्या सारख्या प्रमाणात ढासळत असतील, तर बॅटरीचे वय झाले. जो कारखाना हे आकडे कागदावर देण्यास तयार नसेल, तेथे एवढ्या खर्चाचे काम देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

बॅटरी वयापूर्वी थकते तिचे कारण बहुधा उष्णता. शिसे-आम्लाच्या बाबतीत जुना ठोकताळा असा की २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना आयुष्य निम्मे होते. निकेलच्या बॅटरीलाही ऊन मानवत नाही. बऱ्हाणपूरचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना अधिक सांगणे नलगे. मोठी बॅटरी गार राहावी म्हणून तिचा पंखा प्रवाशांच्या खोलीतलीच हवा ओढतो, आणि त्याचे तोंड मागच्या सीटपाशी असते. तेथे लग्नाचे आहेर, चादरींचे गठ्ठे, मुलांची दप्तरे ठेवून आपण ते बुजवतो. त्यातून आमचे गाव पॉवरलूमचे. कापसाचे तंतू हवेत असतात तेथे त्या पंख्याच्या पात्यांवर आणि जाळीवर वाकळ विणल्यासारखा थर बसला तर नवल नाही. वर्षातून एकदा हा पंखा स्वच्छ करून घेणे हे या गाडीचे सर्वांत स्वस्त औषध. आणि उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत बसताच एसी लावून काचा क्षणभर उघडाव्यात. आपल्याला जी हवा सुखाची तीच बॅटरीलाही.

मात्र ही साफसफाई सोडली तर मोठ्या बॅटरीला घरी हात लावू नये. वर मीटर घेऊन केलेले सारे प्रयोग बारा व्होल्टपुरतेच आहेत. नारिंगी रंगाच्या तारा जेथे दिसतील तेथे आपले काम संपले. सुरक्षिततेची खिट्टी काढल्यानंतरही आतील विद्युत्-साठा उतरायला किमान दहा मिनिटे थांबावे लागते, आणि १००० व्होल्ट सहन करणारे रबरी हातमोजे न घालणारा मिस्त्री कितीही हुशार असला तरी त्याला ते झाकण उघडू देऊ नये. दुसऱ्या गाडीवरून तार लावून सुरू करतानाही धन-ऋण उलटले तर काही सेकंदांत मोठे नुकसान होते. आणि पूर्ण हायब्रिडच्या लहान बॅटरीवरून शेजाऱ्याची गाडी सुरू करून देण्याचा परोपकार टाळावा. ती तेवढ्या भाराची नसतेच.

एकच तुकडा बदलून काम भागेल का, असे पुष्कळ विचारतात. भागते, काही महिने. बाकीचे सत्तावीस त्याच वयाचे असतात आणि नवा किंवा दुसऱ्या गाडीतून काढलेला तुकडा त्यांच्या ताकदीशी जुळत नाही. मग पाळीपाळीने पुढचा, त्यापुढचा. गाडी विकण्यापूर्वी दिवस काढायचे असतील तर ही मलमपट्टी समजू शकतो. ज्याला ती अजून पाच वर्षे घरच्या आजारी माणसासाठी वापरायची आहे, त्याने संपूर्ण बॅटरीचाच हिशेब मांडावा, आणि तो गाडीच्या उरलेल्या किमतीपेक्षा जड होत असेल तर निर्णय आपोआप होतो.

वापरलेली हायब्रिड विकत घेताना या साऱ्याचा उपयोग अधिक. गाडी सकाळी, विक्रेत्याने ती सुरू करण्यापूर्वी पाहण्याचा आग्रह धरावा. बॅटरीवरची तारीख वाचावी. दहा वर्षांच्या गाडीत महिन्याभरापूर्वीची बॅटरी असेल तर ती का बदलली हे विचारावे. ऋण खुंटीवर कारखान्याच्या जाड्या तारेखेरीज दुसऱ्या बारीक तारा आवळलेल्या दिसल्या तर त्या कोणाच्या हे शोधावे. सौम्य हायब्रिड असेल तर इंजिन आपोआप थांबते का ते पाहावे. पूर्ण असेल तर चांगला अर्धा तास, शक्य तर चढावर, चालवून स्तंभाची चाल बघावी.

ज्यांची मुले परगावी आहेत अशी आपली कुटुंबे महिना-दोन महिने घर बंद करून जातात. ०.०५ अँपियर हा निर्दोष गाडीचा प्रवाहसुद्धा महिन्याला छत्तीस अँपियर-तास खातो, म्हणजे परत येईपर्यंत लहान बॅटरी रिती. जाण्यापूर्वी तिची ऋण तार सोडून ठेवावी, किंवा शेजारच्या विश्वासू तरुणाकडे किल्ली देऊन आठवड्यातून एकदा तासभर गाडी फिरवायला सांगावी. पूर्ण हायब्रिड एक-दोन महिन्यांतून एकदा तरी अर्धा तास चालवली गेली पाहिजे, नाही तर मोठी बॅटरीही खोल उतरते आणि ती वर आणणे घरचे काम नव्हे.

निकामी झालेली बॅटरी भंगारवाल्याला देण्याची आपल्याकडे सवय आहे. २००१ च्या नियमांनी शिशाची जुनी बॅटरी परत घेणे विक्रेत्यावर बंधनकारक केले होते, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी निकेल आणि लिथियमच्या बॅटऱ्यांचीही जबाबदारी उत्पादकावर टाकली. नवी घेताना जुनीची किंमत वजा करून घ्यावी आणि पावतीवर तसा उल्लेख मागावा. नानांच्या दोन बॅटऱ्यांपैकी एक अण्णांनी चार्जरवर दोन दिवस ठेवून पाहिली. ती पुरती सावरली नाही, पण वीज गेल्यावर काकूंच्या खोलीतला लहान दिवा तीन-चार तास लागतो एवढी ताकद तिच्यात राहिली आहे. दुसरी दुकानात परत गेली.